पेटीतला गंधार

दारव्हा असो की वणी, आपल्या यवतमाळ जिल्ह्यात भजनाला पेटी नसली तर मंडळींना चुकल्या-चुकल्यासारखे होते. टाळ-मृदंगाइतकीच ती घरची झाली आहे. अशा या पेटीला सरकारी रेडिओने १९४० साली दाराबाहेर काढले आणि तब्बल तीस वर्षे आत घेतले नाही, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. तिने असा गुन्हा तरी कोणता केला होता?

गुन्हा होता गंधाराचा. तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून, न छेडताच, गंधार कानी येतो. षड्जाची आंदोलने सेकंदाला २४० धरली तर हा गंधार ३०० चा. पेटीचा गंधार मात्र ३०२ हून थोडा अधिक, म्हणजे चढा. दोन्ही एकदम वाजले की सुरात सेकंदाला दोन-अडीच हेलकावे उठतात. पंचमात फरक नसल्यासारखाच. गंधारात तो कानाला टोचतो.

मग पेटी अशी लावलीच का? तर गळे सारखे नसतात म्हणून. एकाचा षड्ज काळी एकवर, दुसऱ्याचा काळी चारवर. एका पट्टीत शुद्ध लावलेली पेटी दुसऱ्या पट्टीत बेसूर होते. यावर युरोपने तोड काढली: सप्तकाचे बारा सारखे भाग पाडावेत. कोणतीच पट्टी पूर्ण शुद्ध नाही, पण टाकाऊही नाही. तिकडेही यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. शेवटी पियानोने ही तडजोड रुळवली. पेटी तीच खोड घेऊन आपल्याकडे आली.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांना ही तडजोड पटेना. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे साहाय्य त्यांना लाभले. १९१० साली त्यांनी बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक लिहिले. पुढे अर्नेस्ट क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या जोडीने श्रुति-हार्मोनियम तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर चर्चा झडली. पण पंडित भातखंडे यांना ते श्रुतींचे गणित मान्य झाले नाही. इकडे गोविंदराव टेंब्यांनी साधीच पेटी अशी बोलकी केली, की श्रुतींचा हिशेब विचारायला कोणाला सवड राहिली नाही!

मग रेडिओची पाळी आली. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीत पाहणाऱ्या जॉन फोल्ड्स यांनी पेटीवर कडक टीका केली. तिचे सूर ठरलेले. तिच्यातून मींडही निघत नाही. बंदी आली. मैफलीत गवय्याच्या शेजारी बसणारा पेटीवाला रेडिओच्या दारात परका ठरला. १९७१ मध्ये ही बंदी सैल होऊ लागली.

दोष खरा होता, हे कबूल केले पाहिजे. पण शिक्षा झाली ती वाजवणाऱ्याला. जाणता साथीदार गायक गंधारावर थांबला की पट्टीवरचे बोट हलके उचलतो. ती जागा गळ्यासाठी मोकळी ठेवतो. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी तर बावीस श्रुतींची पेटीच बनवून दाखवली. म्हणजे वाद्य सुधारता येते, हातही सुधारतो. दार बंद केल्याने मात्र दोन्ही सुधारत नाहीत.

पुढच्या भजनाला एवढे करून पाहा. आधी तंबोरा ऐका, मग पेटीचा गंधार दाबून धरा. ते बारीक हेलकावे कानाला लागले, की हा वाद तुमच्या घरचाच वाटू लागेल.