थाप आणि हुंकार

झोरा नील हर्स्टन यांच्या ‘म्यूल्स अँड मेन’ (१९३५) या पुस्तकातल्या काही कथा मराठीत आणताना मी अगदी सुरुवातीच्या एका शब्दाशी अडले. फ्लोरिडातले कृष्णवर्णीय आपल्या लोककथांना ‘लाइज’ म्हणत. ‘असत्य’ म्हटलं तर गुन्हा वाटतो, ‘कथा’ म्हटलं तर गंमत जाते. शेवटी ‘थापा’ लिहिलं.

या कथा आधी छापल्या गेल्या नव्हत्या असं नाही. १८८० मध्ये जोएल चँडलर हॅरिस या गोऱ्या पत्रकाराचं अंकल रीमसच्या कथांचं पुस्तक आलं आणि गाजलं. किशोरवयात एका मळ्यावर त्याने त्या गुलामांच्या तोंडून ऐकल्या होत्या. चिमुकला ससा कोल्ह्याला हातोहात फसवतो, ही दुबळ्यांनी दुबळ्यांना सांगितलेली गोष्ट. पुस्तकात मात्र म्हातारा रीमस ती मळ्यावरच्या गोऱ्या मुलाला सांगतो. कथा राहिली, श्रोता बदलला.

हर्स्टन यांनी मूळचे श्रोते परत आणले. त्यांचं बालपण ईटनव्हिलमध्ये गेलं. कृष्णवर्णीयांनीच १८८७ मध्ये वसवलेलं आणि चालवलेलं हे गाव. तिथल्या दुकानाच्या ओट्यावर मोठी माणसं थापांवर थापा रचत, त्या त्यांच्या कानांवर पडलेल्या. पुढे न्यूयॉर्कला फ्रांझ बोआस यांच्या हाताखाली मानवशास्त्र शिकून १९२७ मध्ये त्या फ्लोरिडात आल्या आणि शहरी ढंगात ‘लोककथा येतात का?’ असं विचारत फिरल्या. फारसं काही हाती लागलं नाही. नंतर त्या पोक काउंटीतल्या लाकूडकामगारांच्या वस्तीत गेल्या. त्यांची मोटार आणि अंगावरचा १२.७४ डॉलरचा झगा पाहून लोकांना त्या पोलिसांच्या हेर वाटल्या. तेव्हा त्यांनी सांगितलं, की आपण चोरटी दारू विकतो, पोलीसच आपल्या मागावर आहेत. मग कुठे वस्तीने त्यांना जवळ केलं. थापा ऐकण्यासाठी आधी एक थाप मारावी लागली.

म्हणून त्यांच्या पुस्तकात कथा सुटी येत नाही. कोण कोणाला टोमणा मारतं, कोण मध्येच तोडतं, कोण लगेच वरचढ थाप ठोकतं, हे सगळं सोबत येतं. पहिल्या खर्ड्यात, कथा आटोपशीर व्हावी म्हणून, मी हे मधलं बोलणं गाळलं होतं. वाचून पाहिलं तेव्हा जाणवलं, की मी मराठी वाचकाला रीमससमोरच्या त्या मुलाच्या जागी बसवलं आहे. आपल्याकडेही गोष्टीला हुंकार लागतो. तो थांबला की सांगणारा विचारतो, ‘झोपलात काय?’

१९६० मध्ये हर्स्टन गरिबीत वारल्या. त्यांच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. १९८३ मध्ये बाल्टिमोरला मेरी कार्टर स्मिथ आणि लिंडा गॉस या दोन कथनकार स्त्रियांनी कृष्णवर्णीय कथाकथनाचा महोत्सव भरवला आणि त्यातून राष्ट्रीय संघटना उभी राहिली. स्मिथ शाळेत ग्रंथपाल होत्या. पुस्तकं त्यांच्या हाताशी होतीच, तरी त्यांना माणसं समोरासमोर बसवावीशी वाटली.

मी गाळलेलं सगळं बोलणं परत घातलं. अनुवाद लांबला, पण ओटा पुन्हा भरला.