काफ, क़ाफ आणि बाळाचा कान

लहानपणी मशिदीतल्या मकतबमध्ये उस्ताद माझ्याकडून 'क़ाफ' घोटून घ्यायचे. "पडजिभेपाशून काढ!" माझ्या तोंडून कधी साधा 'काफ' निघे, कधी घरच्या दखनी वळणाचा 'ख़'. (आमच्याकडे क़लमला ख़लमच म्हणतात.) छडी खाल्ली, फरक काही कळला नाही. उस्तादांना वाटे, पोरगा आळशी आहे. मलाही तसेच वाटे.

बऱ्याच वर्षांनी एका जुन्या संशोधनाविषयी वाचताना ती छडी आठवली.

१९७१ मध्ये अमेरिकेत पीटर आयमस आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते की एक महिन्याचे बाळसुद्धा 'ब' आणि 'प' वेगळे ओळखते. मग मोठेपणी परक्या भाषेतले आवाज सारखेच का वाटतात? १९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात इंग्रजी घरांतली बाळे तपासली. त्यांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. शिवाय थॉम्सन नदीकाठच्या आदिवासींच्या सॅलिश भाषेतले दोन आवाज ऐकवले: एक 'क'च्या जागेचा, दुसरा त्याहून मागचा, पडजिभेपाशी निघणारा. दोन्ही झटक्याने सोडायचे, पण जागांचा फरक काफ-क़ाफचाच! आवाज बदलला की बाळाने मान वळवायची. बरोबर वळवली तर डब्यातले खेळणे उजळून हलू लागे. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा ते बारा महिन्यांच्या फार थोड्यांना. हिंदी आणि सॅलिश घरांतल्या त्याच वयाच्या बाळांना मात्र आपापल्या भाषेतला फरक नीट ऐकू येत होता.

म्हणजे मी मकतबला जाण्याआधीच माझ्या कानाने घरची बोली धरली होती. उस्तादांना हे कोण सांगणार? सरावाने पुढेही जमते, पण छडीने नव्हे.

परवा धाकटी बहीण नऊ महिन्यांच्या लेकीच्या पाळण्याजवळ मोबाइलवर क़िरअत लावून स्वयंपाकात गुंतली होती. मी तिला पॅट्रिशिया कूल यांचा २००३ मधला प्रयोग सांगितला. सिएटलमध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी चिनी बोलणारी माणसे बारा वेळा खेळली, तेव्हा त्या बाळांना चिनी आवाजांतला फरक कळू लागला. तेच टीव्हीवर दाखवले, नुसते ऐकवले, तर काही उपयोग झाला नाही.

बहिणीने मोबाइल बंद केला. आता अम्मी नातीला मांडीवर घेऊन पढते. अम्मीचा क़ाफ मात्र अजून 'ख़'च आहे.