रक्ताच्या तपासणीतून स्तनाचा कर्करोग कळेल का? एका शोधाचा इतिहास

फक्त रक्ताचा नमुना द्यायचा आणि स्तनाचा कर्करोग आहे की नाही ते कळायचं, अशी तपासणी कोणाला नको असेल? मॅमोग्राफीचा त्रास नाही, संकोच नाही. अशा तपासण्यांच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. त्यांवर किती भरवसा ठेवायचा, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहू या.

१९२० च्या दशकात जर्मनीतल्या ऑटो वॉरबर्ग या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की कर्करोगाच्या पेशी साखर झपाट्याने वापरतात आणि पुरेसा ऑक्सिजन असतानाही तिचं लॅक्टिक आम्ल बनवतात. म्हणजेच त्यांचा चयापचय वेगळा असतो. चयापचयात तयार होणाऱ्या किंवा वापरल्या जाणाऱ्या लहान रेणूंना मेटाबोलाइट्स म्हणतात. साखर, आम्लं, स्निग्ध पदार्थ हे सगळे त्यात आले. गाठीचा चयापचय वेगळा, तर त्याचा माग रक्तात सापडायला हवा, असा हा विचार आहे.

१९८६ मध्ये हे स्वप्न खरं झाल्यासारखं वाटलं. बोस्टनमधल्या एरिक फॉसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३३१ जणांचा रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा, तपासला. एमआरआय ज्या तत्त्वावर चालतो, त्याच तत्त्वावरची ही तपासणी होती. रक्तातल्या स्निग्ध पदार्थांकडून येणारा संकेत कर्करुग्णांमध्ये स्पष्टपणे वेगळा दिसला.

पण इतरांनी हाच प्रयोग करून पाहिला, तेव्हा तसे निकाल मिळेनात. कारण साधं होतं. हा संकेत मुख्यतः रक्तातल्या ट्रायग्लिसराइड्ससारख्या चरबीवर अवलंबून होता, आणि ती चरबी वय, आहार, गर्भारपण यांनीही बदलते. मूळ अभ्यासातही गरोदर स्त्रियांचा निकाल कर्करुग्णांसारखाच आला होता!

यातून शास्त्रज्ञ एक गोष्ट शिकले. एकाच खुणेवर विसंबायचं नाही, अनेक घटकांचा एकत्र नमुना पाहायचा. डेन्मार्कमध्ये १९९३ ते १९९७ या काळात सुमारे ५७,००० लोकांचं रक्त गोठवून ठेवलं होतं. कोपनहेगनच्या संशोधकांनी त्यातल्या सुमारे ८०० स्त्रियांचे नमुने तपासले. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या स्त्रियांना पुढे स्तनाचा कर्करोग झाला होता. २०१५ मध्ये त्यांनी सांगितलं, की रोग होण्याच्या दोन ते पाच वर्षं आधीच तो सुमारे ८० टक्के अचूकतेने ओळखता येतो.

८० टक्के म्हणजे उत्तमच, असं वाटेल. आता हिशेब करू. समजा, कोणताही त्रास नसलेल्या १,००० स्त्रियांची तपासणी केली आणि त्यांतल्या पाच जणींना कर्करोग आहे. चार सापडतील, एक सुटेल. उरलेल्या ९९५ निरोगी स्त्रियांपैकी १९९ जणींना मात्र विनाकारण ‘धोका आहे’ असं सांगितलं जाईल. त्यांची झोप उडेल, पुढच्या तपासण्यांचा खर्च होईल. आणि जी सुटली, ती ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून हाताला लागणाऱ्या गाठीकडेही दुर्लक्ष करेल. मला सर्वांत जास्त काळजी हिचीच वाटते.

याउलट एक साधी गोष्ट आपल्याच मुंबईत सिद्ध झाली आहे. टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत. अशा स्त्रियांमध्ये कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले.

मेटाबोलाइट्सवरचं संशोधन चालू आहे आणि ते व्हायलाच हवं. पण आज ते मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही. स्तनात किंवा काखेत गाठ लागली, त्वचा ओढली गेली, स्तनाग्रातून रक्त आलं किंवा ते आत वळलं, तर रक्ताच्या कोणत्याही रिपोर्टवर विसंबून घरी बसू नका. दुखत नसलं तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही.