दारात वारली चित्र काढायचंय? लग्नचौक सोडून बाकी काय ते काढा

दिवाळी आली की बोईसर-पालघरकडे फ्लॅटच्या दाराशेजारची भिंत गेरू रंगात रंगवून त्यावर पांढरी वारली चित्रं काढायची आता पद्धतच पडली आहे. चांगलंच आहे, आपल्याच जिल्ह्याची कला. पण मागे बोईसरला एका ओळखीच्यांकडे गेलो, तर चपलांच्या स्टँडच्या वर लग्नचौकाचं स्टिकर! मधोमध पालघट देवी. त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

लग्नचौक ही शोभेची वस्तू नाही. लग्नघरात आतल्या भिंतीवर, कारवीचा कूड शेणमातीनं सारवून, सवाशिणी तांदळाच्या पिठानं तो काढतात. धवलेरी गाणी म्हणते. चौकात पालघट देवी असते आणि शेजारी लहान देवचौकात घोड्यावरचा पाचशिऱ्या देव. हे सगळं लग्नापुरतं. म्हणून बाहेरच्या दाराला चौक नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग काढायचं काय? पूर्वी हे काम बायकांचंच होतं. 1970 नंतर सरकारी योजनेतून कागद-रंग आले आणि डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे रोजचं जगणं कागदावर काढू लागले. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. भातलावणी, मासे पकडणं, ताडाची झाडं, तारपा नाच ही चित्रं दाराला शोभतात. तारप्याचा नाच काढताना आधी मधला तारपावाला काढा, मग त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची साखळी वळवत न्या. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण.

मातीच्या भिंतीला शेणमातीचं सारवण, वाळल्यावर गेरू. तांदूळ भिजवून बारीक वाटा, त्यात थोडा डिंक घाला. मी पहिल्यांदा डिंक न घालताच काढलं होतं. सुकल्यावर हात लागेल तिथं पीठ गळायला लागलं. बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ केलं की ब्रश तयार. काम वरून खाली करत या, म्हणजे हाताखाली पुसणार नाही.

सिमेंटच्या भिंतीला मात्र पीठ-गेरूचा हट्ट नको. पावसाची झड लागते तिथं ते एका पावसाळ्यात जातं. ओल सुकू द्या, दसऱ्यानंतरच हात लावा. प्रायमर, गेरूच्या छटेचा बाहेरच्या भिंतीचा रंग आणि वर पांढरा अॅक्रेलिक मारा.

स्वतःला जमत नसेल तर स्टिकर आणण्यापेक्षा डहाणू, विक्रमगड, जव्हार भागातल्या पाड्यावरचा चित्रकार बोलवा. वारली चित्रकलेला 2014 मध्ये जीआय नोंदणी मिळाली आहे, पण स्टिकरच्या पैशातलं पाड्यावर काय येतं? दर चौरस फुटावर आधीच ठरवा, रंग कुणाचा तेही बोला. आणि काम झालं की कोपऱ्यात त्याला त्याचं नाव घालायला सांगा. बरेच जण लाजून घालत नाहीत.