सर्व्हर कोलोकेशन म्हणजे काय? तुमच्या व्यवसायाला ते जमेल का?

वेबसाइट वाढली की होस्टिंगचं बिलही वाढतं. मग कोणीतरी सुचवतं, "स्वतःचा सर्व्हर घ्या आणि डेटा सेंटरमध्ये ठेवा, स्वस्त पडेल." हा सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. राहिलेला अर्धा भाग या लेखात पाहू.

कोलोकेशन म्हणजे नेमकं काय?

शेअर्ड होस्टिंग, व्हीपीएस आणि क्लाउडमध्ये मशीन होस्टिंग कंपनीचं असतं. डेडिकेटेड सर्व्हर घेतला तर अख्खं मशीन तुम्हाला वापरायला मिळतं, पण मालकी कंपनीचीच राहते. कोलोकेशनमध्ये सर्व्हर तुमचा असतो. डेटा सेंटर जागा, वीज, कूलिंग, इंटरनेट जोडणी आणि पहारा पुरवतं. थोडक्यात, गाळा भाड्याचा आणि आतलं मशीन आपलं.

जागा 'यू' या मापात मोजतात. १ यू म्हणजे १.७५ इंच उंची. नेहमीच्या रॅकमध्ये अशा ४२ जागा असतात.

खर्चाचा हिशोब कसा मांडायचा?

समजा, सर्व्हर ३ लाखांचा आहे आणि तो ५ वर्षं चालवायचा आहे. म्हणजे महिन्याला ५,००० रुपये मशीनचेच झाले. त्यावर या गोष्टी धरा:

• रॅकमधल्या जागेचं भाडं
• वीज: सतत ३०० वॉट घेणारा सर्व्हर ३० दिवसांत २१६ युनिट खातो. कूलिंगची वीज वेगळी, त्यामुळे डेटा सेंटरचा दर घरच्या मीटरशी ताडून पाहू नका.
• बँडविड्थ आणि आयपी ॲड्रेस
• रिमोट हँड्स: तिथल्या माणसाने तुमच्या सर्व्हरला हात लावायचे पैसे. अनेक ठिकाणी हे तासावर असतात.
• स्पेअर डिस्क, स्पेअर पॉवर सप्लाय आणि दुसऱ्या जागी बॅकअप

कोटेशनमध्ये पहिल्या तीन गोष्टी ठळक दिसतात. शेवटच्या दोन आपणच धरायच्या असतात, आणि नेमक्या त्याच विसरल्या जातात.

आम्ही काय विसरलो?

पुण्यातल्या एका घाऊक विक्रेत्याची ऑर्डर घ्यायची वेबसाइट मी सांभाळत होतो. सर्व्हर नवी मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये होता. आत दोन डिस्क रेड १ मध्ये होत्या, म्हणजे एक गेली तरी दुसरीवर काम चालू राहतं. एक डिस्क गेली आणि तशी सूचना ईमेलवर आलीसुद्धा. पण तो ईमेल आयडी नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा होता. तीन आठवड्यांनी, शनिवारी रात्री, दुसरी डिस्कही गेली.

रिमोट हँड्सवाला डिस्क बदलायला तयार होता, पण बदलायला डिस्कच नव्हती. रविवारी दुकानं बंद. बॅकअप दुसरीकडे होता म्हणून डेटा वाचला, पण साइट सुरू व्हायला सोमवारची दुपार उजाडली. तोपर्यंत त्यांची माणसं फोनवर ऑर्डर वहीत लिहून घेत होती.

डेटा सेंटरची यात काहीच चूक नव्हती. वीज, एसी, नेट, सगळं चालू होतं. बंद होता तो फक्त आमचा सर्व्हर. 'टिअर ३' डेटा सेंटरसाठी ९९.९८२ टक्के अपटाइमचा आकडा सांगितला जातो, म्हणजे वर्षाला साधारण १.६ तास बंद. पण तो आकडा इमारतीच्या सोयींचा असतो, तुमच्या डिस्कचा नाही.

मग हे कोणाला जमतं?

बेसकॅम्प बनवणाऱ्या ३७सिग्नल्सने २०२२ मध्ये क्लाउड सोडायचं ठरवलं आणि पुढच्या वर्षी सुमारे ७ लाख डॉलरचे सर्व्हर घेतले. पैसे वाचले, हे उदाहरण सगळे देतात. पण त्यांच्या कामाचा लोड अंदाजात बसणारा होता, आणि सर्व्हर सांभाळणारी टीम व डेटा सेंटरमधले रॅक आधीपासून होते, हे सहसा कोणी सांगत नाही.

कोलोकेशन घ्या, जर:
• लोड वर्षभर साधारण सारखा असेल
• निदान दोन माणसांना हे काम येत असेल (एक सुट्टीवर गेला तर दुसरा हवाच)
• डेटा सेंटर काही तासांत गाठता येत असेल, किंवा स्पेअर तिथेच ठेवता येत असतील
• सर्व्हरला आयड्रॅक किंवा आयएलओसारखी सोय असेल, म्हणजे तो हँग झाला तरी घरून रीस्टार्ट करता येईल

घेऊ नका, जर:
• सणासुदीला ट्रॅफिक दहापट होऊन नंतर खाली येत असेल. दहापट मशीन वर्षभर पोसावं लागेल.
• साइट एका व्हीपीएसमध्ये आरामात बसत असेल
• रात्री फोन उचलणारं कोणी नसेल

आणि बॅकअप त्याच इमारतीत ठेवू नका. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर आगीत जळालं. ज्यांची दुसरीकडे प्रत नव्हती, अशा ग्राहकांचा डेटा कायमचा गेला.

माझं मत विचाराल तर, अधलीमधली वाट म्हणून आधी मॅनेज्ड डेडिकेटेड सर्व्हर घ्या. महिन्याला थोडे जास्त जातील, पण डिस्क बदलणं त्यांची जबाबदारी. कोलोकेशनवर सही करण्याआधी एकच प्रश्न विचारा: शनिवारी रात्री दोन वाजता डिस्क गेली, तर कोण जाणार आणि कोणती डिस्क घेऊन? माणसाचं नाव आणि डिस्कची जागा लगेच सांगता आली, तर खुशाल पुढे जा.