बोली आणि बनावट : संगणकावरील लिलावाची तीन दशके

महसूल खात्यातील नोकरीत थकबाकीपोटी जप्त झालेल्या मालाचे लिलाव मी अनेकदा पुकारले आहेत. तहसील कचेरीच्या आवारात चिंचेखाली माणसे जमत, बोली चढे, आणि 'एक वार, दोन वार' म्हणताना आमच्या नाझराची नजर गर्दीवर फिरत राही. लबाडी तेथेही होती. ठेकेदार आपसांत ठरवून भाव पाडीत, तर कधी मालकाचीच पेरलेली माणसे तो उगाच चढवीत. परंतु ती सर्व मंडळी डोळ्यांसमोर उभी असत, आणि कोण कोणाचा मेहुणा हे नाझराला पक्के ठाऊक असे.

हा नाझर नसलेला लिलाव सप्टेंबर १९९५ मध्ये अमेरिकेत सुरू झाला. पिअर ओमिद्यार या तरुण संगणक-अभियंत्याने 'ऑक्शनवेब' या नावाने तो मांडला; पुढे हाच 'ईबे' झाला. तेथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर. त्याला १४ डॉलर ८३ सेंट आले. वस्तू मोडकी आहे हे विक्रेत्याने आधीच सांगितले होते, ही गोष्ट मला त्या किमतीहून मोलाची वाटते.

अनोळखी माणसावर विश्वास कसा ठेवावा, या प्रश्नाला ओमिद्यारने फेब्रुवारी १९९६ मध्ये दिलेले उत्तर साधे होते. व्यवहार झाल्यावर दोन्ही पक्षांनी एकमेकांविषयी चारचौघांत अभिप्राय द्यावा. म्हणजे गावकीची अब्रू संगणकावर आणण्याचाच हा प्रयत्न. तो बराच यशस्वी झाला, पण त्यातील फटही लवकरच उघडी पडली. ग्राहकाने वाईट लिहिले की विक्रेता सूड म्हणून त्याच्याविषयी तसेच लिही; त्या भीतीने फसलेली माणसे गप्प बसू लागली. अखेर २००८ मध्ये ईबेने विक्रेत्यांचा ग्राहकाला वाईट अभिप्राय देण्याचा अधिकारच काढून घेतला. फसलेल्याचे मौन हेच फसवणाऱ्याचे भांडवल असते, हे ओळखायला बारा वर्षे लागली.

तोवर एक प्रकरण जगभर गाजले होते. मे २००० मध्ये कॅलिफोर्नियातील एका वकिलाने ईबेवर एक अमूर्त चित्र विकायला ठेवले. चित्रकाराचे नाव त्याने कोठेही लिहिले नाही. चित्र अडगळीत पडले होते, मुलाच्या तीनचाकीने त्याला भोक पडले, असे भोळेपणाचे वर्णन मात्र केले. कोपऱ्यात 'आर. डी. ५२' ही अक्षरे दिसत होती. ती रिचर्ड डीबेनकॉर्न या ख्यातनाम चित्रकाराची असावीत, असा तर्क जाणकारांनी आपणहून केला. पंचवीस सेंटांपासून निघालेली बोली १,३५,८०५ डॉलरवर गेली. अक्षरे विक्रेत्यानेच रंगवली होती आणि बोली लावणाऱ्यांत तो व त्याचे साथीदार खोट्या नावांनी वावरत होते. ईबेने सौदा रद्द केला. पुढे दोघांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. खोटे बोलण्याऐवजी खोटे समजून घ्यायला लावणे, ही या कारस्थानाची खरी हुशारी. त्याच मे महिन्यात एफबीआयच्या पुढाकाराने इंटरनेटवरील फसवणुकीच्या तक्रारी घेणारे केंद्र सुरू झाले. आरंभीच्या वर्षांत तेथे सर्वाधिक तक्रारी लिलावांच्याच येत.

भारतात 'बाझी डॉट कॉम' २००० मध्ये सुरू झाली, २००४ मध्ये ईबेने ती विकत घेतली, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ईबेचा येथील कारभार आटोपला. या अठरा वर्षांतील सर्वांत बोधक घटना फसवणुकीची नव्हे, तक्रारीची आहे. २७ नोव्हेंबर २००४, शनिवार. रात्री त्या संकेतस्थळावर एक आक्षेपार्ह चित्रफीत फसव्या शीर्षकाखाली विक्रीस आली. एका जागरूक सदस्याने त्याच दिवशी कळवले, पण ती हटली सोमवारी सकाळी. मधल्या काळात काही प्रती विकल्या गेल्या, आणि कंपनीच्या प्रमुखास अटक झाली. तक्रार पोहोचल्यावर दुकानदाराची जबाबदारी कोठून सुरू होते, हा वाद त्यातून उभा राहिला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ दुरुस्त झाले (ती दुरुस्ती ऑक्टोबर २००९ मध्ये अमलात आली), त्यामागे या प्रकरणाची छाया होती. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात, अशी मुदतच घालून दिली.

या मुदतीचा अनुभव मला स्वतःला घ्यावा लागला. आमच्या देव्हाऱ्यात मल्हारनगर टांकसाळीचा, सूर्यमुखाची छाप असलेला होळकरी रुपया होता. लक्ष्मीपूजनाला आजी तो दुधाने धूत असे. वाटण्या झाल्या आणि तो ग्वाल्हेरच्या चुलत घराण्याकडे गेला. तेथून कोठे गेला ते कोणीच सांगत नाही. २०२२ मध्ये एका लिलाव-संकेतस्थळावर तसाच रुपया दिसला. वाकून नाणी पारखणारा मी, त्या दिवशी आठवणीने आंधळा झालो. बोली जिंकली.

पाकीट उघडले तेव्हा वजन हाताला हलके लागले. सराफ्यातील ओळखीच्या काट्यावर ते अकरा ग्रॅमच्या बरेच खाली भरले. कडेवर साच्याची शिवण होती आणि पृष्ठभागावर ओतकामाचे बारीक खड्डे. खरा रुपया ठशाने पाडलेला असतो, ओतलेला नव्हे. मग जे आधी करायचे ते मी नंतर केले. विक्रेत्याची स्तुती करणारे सर्व अभिप्राय एकाच आठवड्यातील आणि किरकोळ वस्तूंबद्दलचे होते. नाण्याचे छायाचित्रही एका जुन्या लिलावाच्या सूचीतून उचललेले निघाले. शंभर वर्षांवरील नाणी विकण्याचा धंदा करायचा तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे परवाना लागतो. तो क्रमांक विचारताच विक्रेत्याचे उत्तर बंद झाले.

मी सारे टिपण छायाचित्रांसह संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आणि शासनाच्या सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवले. घरच्यांना हे पटले नाही. "भाऊ, तीन हजारांसाठी कशाला? लोक हसतील," असे धाकट्या बंधूने सुनावले. पोच दुसऱ्या दिवशी आली, पैसे सव्वीसाव्या दिवशी. विक्रेत्याचे नाव यादीतून गेले. दोन महिन्यांनी तेच छायाचित्र दुसऱ्या नावाखाली दिसले, तेव्हा जुना तक्रार क्रमांक देऊन मी पुन्हा लिहिले, आणि या वेळी ते चार दिवसांत हटले.

खोटा रुपया परत मागवला गेला नाही. तो माझ्या टेबलाच्या खणात पाकिटात आहे. वर दोन्ही तक्रारींचे क्रमांक आणि 'बनावट' हा शब्द ठळक लिहून ठेवला आहे, म्हणजे माझ्यामागे कोणी तो देव्हाऱ्यात नेऊन ठेवणार नाही.