शिकाऊ डॉक्टरांना व्हेंटिलेटर कसा शिकवतात?

व्हेंटिलेटर हे फुप्फुसात दाबाने हवा भरणारे यंत्र आहे. ते आजार बरा करत नाही. औषध लागू पडेपर्यंत किंवा शरीर सावरेपर्यंत श्वास चालू ठेवते. कोणते बटण कशाचे, हे लवकर शिकता येते. समोरच्या रुग्णाचा श्वास नेमका कशामुळे अडला आहे, हे ओळखणे अवघड असते आणि यंत्राची मांडणी त्यावरच ठरते.

तीन रुग्ण, तीन अडचणी

राजापूरसारख्या कोकणातल्या तालुक्याचे उदाहरण घेऊ. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावली, तर विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात. फुप्फुस मात्र निरोगी असते. लावणीच्या दिवसांत चिखलात काम करणाऱ्याला लेप्टोस्पायरोसिस होऊन तो बळावला, तर फुप्फुसात रक्तस्राव होतो आणि ते कडक बनते. दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका अरुंद होतात. त्याला श्वास बाहेर सोडायला जास्त वेळ लागतो. तिघांना एकच मांडणी चालत नाही.

पहिला धडा हाताने

१९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांच्या पद्धतीने सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रुग्णांना हाताने पिशवी दाबून श्वास दिला. आजही शिकवण्याची सुरुवात अंबू बॅगने करणे सोयीचे ठरते. पिशवीला रबरी फुगा जोडायचा. फुग्याला रबरबँड गुंडाळले की कडक फुप्फुस. नळी चिमटली की दमा. दोन्ही वेळी पिशवी जड लागते, पण कारणे वेगळी असतात.

दाबाचे गणित

हाताला जाणवलेली हीच गोष्ट सूत्रात अशी मांडतात:

लागणारा दाब = (नलिकांचा अवरोध × हवेचा वेग) + (आत गेलेली हवा ÷ फुप्फुसाची लवचीकता) + श्वासाच्या शेवटी राखलेला दाब

श्वास आत गेल्यावर यंत्र क्षणभर थांबवले की हवेचा वेग शून्य होतो आणि पहिले पद गळते. समजा, सर्वोच्च दाब ४० सेंटिमीटर पाणी होता आणि थांबल्यावर १८ झाला. मग दोष नलिकांत आहे: कफ, दुमडलेली नळी किंवा दमा. तो ३४ वरच राहिला, तर फुप्फुस कडक आहे किंवा छातीच्या पोकळीत हवा शिरली आहे. थांबल्यावरचा दाब साधारणपणे ३० च्या आत ठेवतात.

वजन नव्हे, उंची

माणूस जाड झाला म्हणून फुप्फुस मोठे होत नाही. म्हणून प्रत्येक श्वासाची हवा उंचीवरून काढलेल्या वजनाप्रमाणे देतात. १५० सेंमी उंचीच्या बाईचे हे वजन सुमारे ४३ किलो येते. कडक फुप्फुसासाठी किलोमागे ६ मिलि धरले तर सुमारे २६० मिलि हवा पुरते. तिचे प्रत्यक्ष वजन ७० किलो धरले, तर ४२० मिलि जाईल आणि फुप्फुसाला इजा होईल. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ८६१ रुग्णांच्या अभ्यासात किलोमागे १२ ऐवजी ६ मिलि दिल्यावर मृत्यूचे प्रमाण ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आले.

दम्यात मिनिटाला कमी श्वास देऊन बाहेर सोडायला वेळ देतात. नाहीतर हवा आत साठत जाऊन रक्तदाब कोसळतो.

आधी रुग्ण, मग पडदा

अलार्म वाजला की आधी रुग्णाकडे पाहायचे. तो खालावत असेल, तर यंत्र काढून अंबू बॅगने श्वास द्यायचा आणि नळी सरकली का, तुंबली का, छातीत हवा शिरली का, यंत्र बिघडले का, हे तपासायचे. राजापूरहून रुग्णाला रत्नागिरीला नेताना रुग्णवाहिकेतही हेच कामी येते.

मण्यारीच्या दंशात आणखी एक गोष्ट बजावली जाते. असा रुग्ण पापणीही हलवू शकत नाही, बाहुल्याही प्रतिसाद देत नाहीत, तरी तो शुद्धीवर असू शकतो. त्याला मेंदूमृत समजून श्वास थांबवू नये. वेळेवर श्वास मिळत राहिला, तर असे रुग्ण काही दिवसांनी पूर्ण बरे होऊ शकतात.